पाला वाढला आणि सेन्सर गप्प झाले

द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर उन्हाळ्यात आठवडाभर बंद राहिला तरी फारसं बिघडत नाही. छाटणीनंतर पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटल्यापासून सेटिंग होईपर्यंतचा, म्हणजे घडात मणी धरेपर्यंतचा काळ मात्र त्याच्याशिवाय काढणं अवघड. परतीचा पाऊस पुरता गेलेला नसतो, पहाटे दव पडतं, आणि घडावर डाऊनी (ओलाव्यात पसरणारा बुरशीचा रोग) उतरली की वर्षाची कमाई हातची जाते. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान किती होतं, एवढं कळलं तरी आज फवारायचं की उद्यापर्यंत थांबायचं हे ठरवता येतं. आमच्याकडे नेमके याच दिवसांत सेन्सर एकामागून एक बंद पडायला लागले. त्यांचा माग काढताना जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते आहे. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या पट्ट्यात असे सेन्सर आता बऱ्याच बागांत उभे आहेत, आणि बंद पडले की "बॅटरी गेली" एवढं बोलून विषय संपतो. बॅटरी बहुतेक वेळा खरंच गेलेली असते. ती का गेली, हे कुणी विचारत नाही.

आमची बाग तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या बाजूला. सासरे, चुलत सासरे आणि शेजारचे काही बागायतदार यांनी मिळून हे सेन्सर घेतले. प्रत्येक बागेत एक डबा, त्याला ६ व्होल्ट १ वॉटचं छोटं सोलर पॅनेल, आत १८६५० मापाचा एक लिथियम सेल आणि लोरा रेडिओ, म्हणजे थोड्या विजेवर लांबपर्यंत संदेश पोहोचवणारा. पानओलावा, हवेचं तापमान, आर्द्रता आणि मातीतला ओलावा असे आकडे दर पंधरा मिनिटांनी आमच्या घराच्या गच्चीवरच्या गेटवेकडे, म्हणजे सगळ्या डब्यांचे संदेश गोळा करणाऱ्या यंत्राकडे, येतात आणि तिथून सिमकार्डावरून पुढे जातात. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला आहे. त्यामुळे पहिला डबा बंद पडला तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "तूच बघ गं, आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

ज्यांच्याकडून सेन्सर घेतले त्यांचं फोनवरचं उत्तर तयार होतं: सेल बदला. शेजारच्या भाऊजींनी लगेच बाजारातून नवा सेल आणून टाकला. डबा चालू झाला, काही दिवस छान चालला आणि पुन्हा गप्प. त्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं होतं. १८६५० मापाच्या सेलमध्ये आजही साधारण ३५०० एमएएचच्या आसपासच क्षमता बसते, त्यामुळे ९९०० हा आकडा दिसला की सेल खाली ठेवून द्यावा. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तेव्हा त्यातून हजारसुद्धा निघाले नाहीत. पण चांगला सेल असता तरी तो फक्त थोडा उशिरा मेला असता. त्यात भरलं जात होतं त्यापेक्षा जास्त खर्च होत होतं, आणि हा हिशोब सेल बदलून सुटणारा नव्हता.

बागेत जाण्याआधी मी मोबाइलवर बॅटरीच्या व्होल्टेजचा जुना आलेख काढला. डबा उघडण्याआधी हेच करावं असं माझं ठाम मत झालं आहे. आलेख अनेक दिवस हळूहळू खाली उतरून ३.३ व्होल्टच्या आसपास तुटला असेल तर चार्जिंग कमी पडतंय. चार व्होल्टवर छान असताना अचानक तुटला असेल तर बॅटरीचा संबंध नाही. रेडिओ, अँटेना किंवा गेटवे बघा. आणि रोज सकाळी नऊ-दहाला चालू, संध्याकाळी बंद असा प्रकार असेल तर सेल संपला आहे आणि डबा थेट पॅनेलवर जगतोय. आमच्याकडे हे तिन्ही प्रकार होते. म्हणजे रोग एक नव्हता.

बहुतेक डब्यांचे आलेख पहिल्या प्रकारचे होते, आणि ते वर्षभराचे काढून शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला बागच दिसायला लागली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर व्होल्टेज भरपूर. नवा पाला वाढत गेला तसतसं खाली. पावसाळ्यात ढगांमुळे आणखी खाली. ऑक्टोबरच्या फळछाटणीला सगळा पाला उतरला की एकदम वर. आणि छाटणीपासून महिन्याभराने पुन्हा घसरण. डबे बसवणारी माणसं एप्रिलमध्ये आली होती. तेव्हा वेल उघडी होती, ऊन थेट जमिनीवर पडत होतं. त्यांनी वेल चढवायच्या वाय आकाराच्या लोखंडी अँगललाच, छातीच्या उंचीवर, पॅनेल आवळून टाकली. तेव्हा ती उन्हात होती. फुलोरा येतो छाटणीनंतर साधारण पस्तीस-चाळीस दिवसांनी, आणि तोपर्यंत वायच्या दोन्ही हातांवर पाल्याचं छप्पर तयार झालेलं असतं. सेन्सरची सगळ्यात जास्त गरज लागते तेव्हाच त्याच्या पॅनेलवर सगळ्यात कमी ऊन पडतं. ही मांडणी बागेचं वेळापत्रक न बघता केलेली होती. याचा मला राग आला, आणि अजून येतो, कारण शेतकऱ्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात.

मल्टिमीटर घेऊन गेल्यावर एक गोष्ट फार महत्त्वाची कळते. नुसतं व्होल्टेज मोजलं तर पॅनेल निर्दोष वाटतं. पाल्याखाली, भर दुपारी, पॅनेलच्या वायरा मोकळ्या करून मोजलं तर जवळपास ६ व्होल्ट आले. तात्या शेजारी उभे होते (चुलत सासऱ्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, मीही). ते म्हणाले, "मग चांगलंच आहे की!" तेच पॅनेल सोडवून बांधावर उन्हात धरलं तर ७ व्होल्ट. फरक एवढासाच. मग मीटर करंटवर लावून पॅनेलच्या दोन्ही वायरा थेट मीटरला जोडल्या. एवढ्या छोट्या पॅनेलला हे बिनधास्त करता येतं, फक्त मीटरची लाल पिन योग्य भोकात हवी. उन्हात दीडशे मिलिॲम्पिअरच्या आसपास. पाल्याखाली आठ. सौर पेशीचं व्होल्टेज प्रकाश कमी झाला तरी थोडंच उतरतं, करंट मात्र प्रकाशाच्या प्रमाणात कोसळतो. आणि बॅटरी भरते ती करंटने. शिवाय ६ व्होल्टच्या पॅनेलमध्ये साधारण बारा पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात. एका पेशीवर एक पान आडवं आलं तरी त्या पूर्ण माळेचा करंट त्या झाकलेल्या पेशीएवढाच वाहतो. आठ मिलिॲम्पिअरमधले दोन-तीन तर चार्जिंगच्या सर्किटवरचा छोटा लाल दिवाच खात होता.

खर्चाची बाजूही मोजली. डबा झोपेत असताना काही मायक्रोॲम्पिअर घ्यायला हवेत. आमचे जवळजवळ एक मिलिॲम्पिअर घेत होते, कारण मातीच्या सेन्सरची वीज झोपेतही तोडली जात नव्हती. दिवसाला बावीस-तेवीस एमएएच नुसते झोपेत, वर संदेश पाठवण्याचे वेगळे. पाल्याखालचं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी जेमतेम तेवढं भरून देत होतं. दोन-चार दिवस ढग आले की खात्यात तूट.

पॅनेल सोडवलं तेव्हा दुसरं कारणही बोटाला लागलं. काचेवर निळसर पांढरा थर होता. बोर्डो. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण पानावर चिकटून राहावं म्हणूनच केलेलं असतं, पावसानेही ते लवकर धुपत नाही. ब्लोअरने फवारताना ते पॅनेलवरही तितक्याच इमानाने चिकटतं. त्यावर गंधकाची भुकटी, त्यावर वाटेवरची धूळ. कोरड्या फडक्याने घासलं तर चरे पडतात आणि थर तसाच राहतो. तो चुन्याचा असल्यामुळे आंबट गोष्टीला विरघळतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं, मग साध्या पाण्याने पुसलं, पॅनेल लख्ख. घरात व्हिनेगर नसेल तर लिंबूही चालतं. काही पॅनेलं मात्र पुसूनही पिवळीच राहिली. ती काचेची नव्हती, वरून राळेचा थर ओतलेली होती. असा थर एक-दोन उन्हाळ्यांत पिवळा पडतो आणि मग प्रकाश कमी जातो. ती बदलावीच लागली. आता पॅनेल घेताना मी काचेचंच मागते.

मोरचुदाचा त्रास पॅनेलपुरता थांबत नाही. बोर्डो करताना जुनी माणसं त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजून आणखी घालतात. म्हणजे मोकळं तांबं लोखंडावर चढतं आणि लोखंड झिजतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच पाणी वायरीवरून ओघळून डब्यात शिरलं तर स्क्रू आणि पिना खाऊन टाकतं. दोन डब्यांत वायर वरच्या बाजूने आत घेतलेली होती, आणि आत पॅनेलच्या जोडणीवर हिरवट बुरशीसारखा गंज आलेला. वायर खालून घ्यायची, आणि आत जाण्याआधी तिला खाली एक वळसा द्यायचा, म्हणजे पाणी वळशावरून टपकून जातं. एका डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं. रबराचं बूच नीट बसवल्यावर तो प्रश्न संपला.

उपाय साधा निघाला. पॅनेल सेन्सरपासून वेगळं केलं. पानओलावा सेन्सर पाल्यातच हवा, तो हलवून चालणार नाही. पण पॅनेलला तिथं बसायचं काही कारण नाही. आमच्या ओळी दक्षिणोत्तर आहेत. ओळीच्या दक्षिण टोकाच्या अँगलला जीआय पाइप बांधला, पाल्याच्या वर हातभर जाईल एवढा उंच, आणि त्यावर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. दोन पदरी वायर ओळीच्या तारेबरोबर डब्यापर्यंत आणली. एवढ्या कमी करंटला त्या अंतरात व्होल्टेज फारसं पडत नाही. कोन किती द्यायचा यावर भाऊजी आणि मी बराच वेळ बोललो. तासगाव साधारण १७ अंश अक्षांशावर आहे, म्हणून वर्षभराचा विचार केला तर तेवढाच कोन पुरतो. पण आमची अडचण नोव्हेंबर-डिसेंबरची. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य आमच्याकडे क्षितिजापासून पन्नासेक अंशांवरच येतो. म्हणून तीस-पस्तीस अंश उभं केलं. उभ्या पॅनेलवर धूळ आणि फवाऱ्याचे थेंबही कमी टिकतात. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो तेव्हा थोडं कमी मिळेल, पण तेव्हा दिवस मोठा असतो.

यानंतरही सगळे डबे उठले नाहीत, आणि त्याचं कारण बागेत नव्हतं, आमच्या गच्चीवर होतं.

दिवाळीत आम्ही सगळे माझ्या माहेरी गेलो होतो. त्या दिवसांत गेटवेच्या सिमचा रिचार्ज संपला आणि वरून सिंगल फेजही बराच वेळ गेली. परत आल्यावर गेटवे चालू केला, तरी निम्मे डबे आले नाहीत. सगळे एकदम बंद झाले तर गेटवे, एकेक करून झाले तर डबे, असा माझा हिशोब होता. इथे गेटवे बंद पडल्यामुळेच डबे मेले होते. हे असं घडतं: डबा संदेश पाठवतो आणि गेटवेकडून उत्तर येण्याची वाट बघतो. उत्तर नाही आलं की पुन्हा पाठवतो. बऱ्याचदा नाही आलं की आपण जाळ्यातून तुटलो असं धरून पहिल्यापासून जोडणी मागायला लागतो. आवाज पोहोचत नसेल असं समजून सर्वांत लांब पल्ल्याच्या पद्धतीने मागतो. त्यात एकेक संदेश हवेत सेकंद-दोन सेकंद रेंगाळतो आणि तेवढा वेळ रेडिओ जोरात वीज ओढतो. आमच्या डब्यांतल्या प्रोग्राममध्ये दोन मागण्यांच्या मधला वेळ वाढवत नेण्याची सोयच नव्हती. दर काही सेकंदांनी हाक, रात्रंदिवस. असा एक डबा घरी आणून मोजला तर सरासरी वीस मिलिॲम्पिअर जात होते. दिवसाला पावणेपाचशे एमएएच! भरलेला चांगला सेलही आठवडाभरात रिकामा. पाल्याखालचे अर्धपोटी सेल तर त्याआधीच गेले.

आणि एकदा सेल तळाला गेला की तो सहज उठत नाही. सेलवरचं संरक्षक सर्किट अडीच व्होल्टच्या आसपास वीज तोडतं. सकाळी पॅनेल थोडं भरतं, डबा जागा होतो, पहिलाच संदेश पाठवायला जातो, त्या झटक्याने व्होल्टेज पडतं, डबा पुन्हा बंद. थोडं ऊन, पुन्हा तेच. दिवसभर हा खेळ चालतो आणि सेल कधीच वर येत नाही. असे सेल मी काढून घरी चार्जरवर पूर्ण भरले आणि परत लावले. जे भरूनही झटक्याला बसत होते ते टाकून दिले. गेटवेला इन्व्हर्टरची वेगळी लाइन दिली, रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिली, आणि विक्रेत्यांना सगळी मोजमापं लिहून कळवली: जोडणी मागताना मधला वेळ प्रत्येक वेळी वाढवा, बॅटरी ३.५ च्या खाली गेली की पंधरा मिनिटांऐवजी तासाने पाठवा, मातीच्या सेन्सरची वीज झोपेत तोडा. नवा प्रोग्राम आला, थोडा उशिरा, पण आला. तो प्रत्येक डब्यात वायर लावून भरावा लागला.

तात्यांचा डबा मात्र या सगळ्यानंतरही "ऑफलाइन" दाखवत होता. पॅनेल चांगलं, सेल ४.१ व्होल्टवर, डबा वेळेवर जागा होतोय. मी गेटवेची कच्ची नोंद उघडली आणि तिथे त्याचे संदेश येत होते! दर पंधरा मिनिटांनी, खणखणीत. प्रत्येक संदेशाला एक अनुक्रमांक असतो, आणि सर्व्हर मागच्यापेक्षा मोठाच क्रमांक स्वीकारतो, म्हणजे कुणी जुना संदेश पकडून पुन्हा पाठवू शकत नाही. तात्यांच्या डब्यात किल्ल्या (जाळ्यात ओळख पटवणारे गुप्त आकडे) कायमच्या भरलेल्या होत्या, तो नव्याने जोडणी मागत नसे. सेल बदलताना त्याचा क्रमांक शून्यावर गेला, सर्व्हर हजारांत होता, म्हणून प्रत्येक संदेश आल्या पावली परत. सर्व्हरवरचा मोजणीचा आकडा शून्य केला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत तात्यांच्या मोबाइलवर बाग दिसू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बघून त्यांनी फवारणी पुढे ढकलली, पानं रात्रभर कोरडी होती म्हणून. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

हाच क्रमांक ओढ्याकाठच्या डब्यालाही उपयोगी पडला. तो शून्यावर जात नव्हता, पण मधले मधले क्रमांक गायब होते, तेही पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान. म्हणजे डबा पाठवत होता, पोहोचत नव्हतं. दवाने भिजलेला पाला रेडिओचा आवाज गिळतो, आणि अँटेना पाल्याच्या आत, लोखंडी तारांना चिकटून होती. अँटेना पाइपच्या टोकावर नेली. तेव्हाच ती निरखून पाहिली तर नेहमीपेक्षा लांब वाटली. भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा बिनपरवाना पट्टा आहे. त्याची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणून पाव लांबीची सरळ तार साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. हिच्यातली तार दुप्पट निघाली, ४३३ मेगाहर्ट्झची. ती बदलल्यावर सकाळची भोकं बरीच बुजली. अँटेना बदलताना डबा बंद करूनच बदलावी. अँटेनेशिवाय रेडिओ बोलायला लागला तर तो कायमचा जाऊ शकतो.

आता पुढचं काम एप्रिलचं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आमचे काळे डबे उन्हात त्याहून तापतात. पाला उतरला की त्यांची सावली जाते. म्हणून खरड छाटणीआधी सगळे डबे पांढरे रंगवायचे आणि पॅनेलच्या सावलीत, मधे चार बोटं हवा राहील असे टांगायचे असं ठरलंय. ओढ्याकाठचा डबा अजूनही जोराच्या पावसात चुकतो. त्याच्यासाठी गेटवे गावच्या पाण्याच्या टाकीवर न्यायचा अर्ज मामांनी ग्रामपंचायतीत दिला आहे. परवानगी आली की टाकीवर वीज कुठून घ्यायची ते बघायला भाऊजी आणि मी वर चढणार आहोत.